पंचेचाळीस लाख वाचकांचं पोर्टल आणि अक्कलकोट रोडचे अण्णा

२०२५ च्या सप्टेंबरात, घटस्थापनेच्या आठवडाभर आधी, अण्णांचा फोन आला. "काय करायलास? मोकळा असशील तर कारखान्यावर ये. एक कागद दाखवायचाय."

अण्णांचा 'एक कागद' म्हणजे एरवी बँकेचं नाहीतर वीज मंडळाचं पत्र. या खेपेला तो ईमेलचा प्रिंटआउट होता. सात पानी, रंगीत, पहिल्या पानावर काचेच्या उंच इमारती आणि आशियाचा नकाशा. अण्णा साखर पेठेतले, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मी एकवीस वर्षं इथल्या एका दैनिकाच्या डेस्कवर काढली, त्यामुळे छापून आलेली कुठलीही गोष्ट हे माझं खातं, अशी त्यांची ठाम समजूत.

ईमेलमधला मजकूर थोडक्यात असा: आम्ही आशियातलं आघाडीचं ऑनलाइन वृत्तपत्र, ३४ देशांत दरमहा ४५ लाख वाचक. आशियातल्या निवडक वीस वस्त्रनिर्यातदारांवर आम्ही लेखमाला करतोय, त्यात तुमची निवड झाली आहे. अभिनंदन. शुल्क १,८०,००० रुपये.

अण्णा भोळे नाहीत. पण वेळ वाईट होती. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं आणि अण्णांच्या तिथल्या गिऱ्हाइकाने दोन कंटेनर 'सध्या थांबवा' म्हणून कळवलं होतं. तयार मालाचे गठ्ठे गोदामात छतापर्यंत लागलेले. जपान नाहीतर आखातात नवं गिऱ्हाईक शोधायचं तर तिथे आपलं नाव कुणाला ठाऊक? नेमका तेव्हाच हा ईमेल. अशा ईमेलना मुहूर्त बरोबर कळतो.

"दोनच गोष्टी सांग," अण्णा म्हणाले. "हा पेपर खरा हाय का? आणि हा खरंच एवढे लोक वाचतात का?"

प्रश्न नेमके होते आणि वेगवेगळेही. खरं छापणाऱ्या पेपराला वाचक नसतात, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. उलटंही पाहिलंय. पोर्टलचं नाव मी इथे घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, तोवर ते दुसऱ्या नावाने कुणाला तरी ईमेल पाठवत असेल.

पहिला निकाल, जो चुकला

मी अण्णांच्या केबिनमध्येच साइट उघडली. देखणी होती. देशवार विभाग, बाजूला शेअर बाजाराची पट्टी, वर तारीख आणि हाँगकाँगची वेळ. सोलापूरचा माणूस अशा ठिकाणी गेला की आधी काय शोधणार? मी 'कोटणीस' टाकलं.

लेख निघाला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापुरात १९१० साली. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वय ३२. सगळं बरोबर. भय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून रोज जाणाऱ्या माणसाला यात खोट काढता येईना. मी अण्णांना म्हणालो, "बरं दिसतंय. माहिती तरी पक्की आहे."

हा माझा पहिला निकाल आणि तो चुकीचा होता. चूक नीट सांगतो, कारण ती मुरलेल्या माणसाकडूनही होते. एखादा मजकूर बरोबर असणं आणि तो छापणारा भरवशाचा असणं या दोन गोष्टी मी एक धरल्या. कोटणीसांची माहिती शंभर ठिकाणी आहे, ती बरोबर छापायला बातमीदार लागत नाही, कात्री लागते. घरी येऊन त्या लेखातलं एक लांबलचक वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधलं, तर तेच वाक्य आणखी चार साइटवर. कोटणीसांच्या पत्नीच्या चिनी नावाचं चुकलेलं स्पेलिंगसुद्धा जसंच्या तसं. शाळेत मास्तर कॉपी अशीच पकडायचे. दोघांची उत्तरं बरोबर आली तर शंका नाही. दोघांची चूक एक आली की दोघांनाही बाकावर उभं.

म्हणजे आपल्या गावावरून पारखायची कल्पना ठीक होती, फक्त वस्तू चुकीची निवडली. ऐंशी वर्षांपूर्वीचं नको होतं. कालपरवाचं हवं होतं, ज्यासाठी कुणालातरी फोन करावा लागतो.

कापसाची बातमी

ती वस्तू अण्णांच्या टेबलावरच होती. त्याच पोर्टलची एक बातमी त्यांना महिन्यापूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती: भारताने कापसावरचं आयात शुल्क कायमचं हटवलं. अण्णा स्वतः कापूस आणत नाहीत, सूत घेतात. पण परदेशी कापूस कायमचा स्वस्त होणार तर सूतगिरण्या दर उतरवणार, मग आज कशाला भरून ठेवा, असा त्यांचा हिशेब. बारा दिवस त्यांनी सुताची खरेदी रोखून धरली होती.

खरी गोष्ट अशी. कच्च्या कापसावर २०२१ च्या अर्थसंकल्पापासून अधिभारासकट ११ टक्के आयात शुल्क होतं. सरकारने त्याला सूट दिली १९ ऑगस्ट २०२५ पासून, आणि ती ३० सप्टेंबरपर्यंतच. मग २८ ऑगस्टला ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. 'कायमचं' हा शब्द कुठल्याच अधिसूचनेत नव्हता. असं शुल्क तात्पुरतं उठवण्याची ही पहिली वेळही नव्हती. २०२२ मध्येही एप्रिलपासून काही महिने सूट होती, पुढे ती संपली.

चूक कुणाचीही होते. मी स्वतः एका रात्री जिवंत माणसाला कैलासवासी केलंय, दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पेढे घेऊन गेलो. म्हणून चुकीपेक्षा मी बातमीची ठेवण बघत होतो. बायलाइनच्या, म्हणजे बातमीदाराच्या नावाच्या, जागी 'न्यूज डेस्क'. डेटलाइन नाही, म्हणजे बातमी कुठल्या गावाहून आली हेच नाही. अधिसूचनेचा क्रमांक नाही. एकही माणूस नावानिशी बोललेला नाही. 'उद्योगातील सूत्रांनी' समाधान व्यक्त केलेलं. शुल्क उठवल्यावर कापूस पिकवणारा काय म्हणाला, हे तर कुणाच्या ध्यानातही नाही, आणि आपल्याकडे तर आरडाओरडा त्याचाच होता.

मग मी दुरुस्ती कळवली. संपादकाचा ईमेल कुठे दिसेना, फक्त 'आम्हाला लिहा'चा फॉर्म. त्यात अधिसूचनेच्या तारखा घालून सभ्यपणे लिहिलं. पंधरा मिनिटांत उत्तर आलं. म्हटलं, वा! उघडलं तर जाहिरातींचं दरपत्रक.

बातमी आजही तशीच आहे.

"मग काका, खरा तरी कुठला?"

अण्णांचा धाकटा इचलकरंजीला टेक्स्टाईल इंजिनिअरिंग करून आलेला. त्याला लेखमालेत जायचंच होतं. तो म्हणाला, "काका, असं बघायला गेलं तर कुठलाच पेपर टिकणार नाही. एशिया टाइम्सवर तरी कुठे सगळं खरं असतं?"

पोरगं बरोबर बोललं, म्हणून या प्रश्नाला मी जास्त वेळ दिला.

एशिया टाइम्स १९९५ मध्ये बँकॉकला छापील दैनिक म्हणून निघालं. मालक थायलंडचे सोंधी लिमथोंगकुल. १९९७ च्या आर्थिक संकटात छापील अंक बंद पडला आणि नाव इंटरनेटवर तगलं. आता मालकी वेगळी आहे. तिथे एक स्तंभलेखक वर्षानुवर्षं 'स्पेंगलर' या टोपणनावाने लिहायचा. २००९ मध्ये त्याने स्वतःच सांगितलं, मी डेव्हिड गोल्डमन. तेव्हा टोपणनाव दिसलं की लगेच लबाडी समजू नये. संपादकाला माणूस ठाऊक असतो आणि शिव्या खायला तो हजर असतो, एवढं पुरे. तिथलं बरंच लिखाण मतांचं आहे, काही टोकाच्या मतांचं. ते मत म्हणून वाचावं, तेही कुणाचं आहे हे बघून.

आणि त्याच एशिया टाइम्सचे पाकिस्तानातले ब्युरो चीफ होते सय्यद सलीम शहजाद. २२ मे २०११ ला कराचीच्या मेहरान नौदल तळावर हल्ला झाला. पाच दिवसांनी शहजाद यांची बातमी आली, की नौदलात अल् कायदाचे हस्तक शिरलेत आणि त्यांच्या अटकेवरून हे घडलं. २९ मेला ते इस्लामाबादेत एका टीव्ही कार्यक्रमाला निघाले, पोचलेच नाहीत. दोन दिवसांनी कालव्यात सापडलेला देह त्यांचाच असल्याचं कळलं. चौकशी आयोग बसला, पण मारेकरी ठरला नाही.

एकाच पत्त्यावर ही बातमी आणि ते स्तंभ. विश्वास ठेवायचा तर तो पाटीवर ठेवता येत नाही. हा मजकूर कुणी लिहिला, तो तिथे होता का, आणि चुकला तर त्याचं काय बिघडतं, हे बघायचं. शहजाद यांचं काय बिघडलं ते सांगितलंच. अण्णांच्या 'न्यूज डेस्क'चं काहीही बिघडत नाही, कारण तिथे कुणी बसलेलंच नाही.

मालकाचंही तसंच. साउथ चायना मॉर्निंग पोस्ट १९०३ पासूनचं. २०१६ पासून ते अलीबाबाचं आहे आणि हे जगाला ठाऊक आहे. म्हणून अलीबाबाविषयीची त्यातली बातमी वाचताना आपण चष्मा जरा पुसून घेतो. निक्केई एशिया जपानी कंपनीचं, त्याच कंपनीने २०१५ मध्ये फायनान्शियल टाइम्स घेतलं. मालक ठाऊक असला की बातमी कुठे झुकेल याचा अंदाज बांधता येतो. मालकच दिसत नसेल तर काय करणार?

आपल्याकडे छापील पेपराच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: हे पत्र मालक अमुक यांच्याकरिता मुद्रक-प्रकाशक तमुक यांनी अमक्या छापखान्यात छापून... ती कुणी वाचत नाही. १८६७ च्या कायद्याने इंग्रजांनी ती सक्ती आणली, बेड्या कुणाला घालायच्या ते कळावं म्हणून. हेतू वाईट, पण वाचकाच्या कामाची. त्या पोर्टलवर ती ओळ शोधली. सिंगापूरचा एक पत्ता मिळाला, तोच पत्ता शोधल्यावर शेकड्यांनी इतर कंपन्या निघाल्या. 'स्थापना २००९' असं लिहिलेलं, पण डोमेनची, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या नावाची, नोंदणी २०२१ ची. नुसत्या तारखेवरून फाशी देऊ नये, डोमेन बदलतंही. म्हणून इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनी पानं काढली. २०१६ मध्ये त्याच डोमेनवर एका समुद्रकाठच्या हॉटेलचं बुकिंग चालायचं.

धाकटा म्हणाला, "जुनं नाव विकत घेतलं असेल." घेतलंच असणार. ही रीत नवी नाही. २०२० मध्ये युरोपातल्या ईयू डिसइन्फोलॅब या गटाने शंभराहून अधिक देशांतल्या ७५० पेक्षा जास्त नकली वृत्तसाइटचं जाळं उघडं केलं होतं. त्यात बंद पडलेल्या पेपरांची नावं पुन्हा उठवली होती, मेलेल्या माणसांचीसुद्धा. ते जाळं भारताच्या बाजूने चालवलेलं होतं, हे आपल्याला सांगायला आवडत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. आपल्या बाजूचं खोटं पकडायला जास्त वेळ लागतो.

एका चहात वीस

आता खप. आमच्या वेळी तो हाताने मोजता यायचा. पहाटे एसटी स्टँडवर गठ्ठे उतरायचे; बार्शीला किती, पंढरपूरला किती, मंगळवेढ्याला किती, हे प्रतिस्पर्ध्याचा माणूस विडी ओढत बघत असायचा. छापलेले अंक म्हणजे खप नव्हे, एजंटाकडून येणारा परतावा वजा करायचा. मोठ्या पेपरांसाठी १९४८ पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स आहे, तो विकलेल्या अंकांचा दाखला देतो. लबाडी तेव्हाही होती, पण परतावा कुठेतरी रद्दीत दिसायचाच.

ईमेलच्या पाचव्या पानावर त्यांनी वाचकसंख्येचा पुरावा दिला होता: अलेक्सा रँकिंग, आशियात अमुक क्रमांक. मला हसूच आलं. कुठल्या साइटला किती लोक येतात ते मोजणारी अलेक्सा ही अ‍ॅमेझॉनची सेवा १ मे २०२२ ला बंद झाली. चालू होती तेव्हाही ती मुख्यतः तिचा टूलबार ब्राउझरमध्ये बसवलेल्या लोकांवरून अंदाज बांधायची, म्हणजे दहा घरं मोजून गावजेवणाचा शिधा काढायचा. २०२५ च्या पत्रकात तो क्रमांक म्हणजे तीन वर्षांपूर्वी फुटलेल्या थर्मामीटरने ताप सांगणं.

'४५ लाख वाचक' याला एक फुली होती आणि तळाशी, मुंगीच्या अक्षरांत, 'एकूण पेज व्ह्यू', म्हणजे पानं किती वेळा उघडली गेली तो आकडा. वाचक आणि पेज व्ह्यू यांत किती अंतर पडतं ते अण्णांना कसं दाखवावं, हे मला सुचत नव्हतं. ते पोर्टलनेच दाखवलं. चहा आला म्हणून लॅपटॉप तसाच उघडा ठेवून आम्ही बोलत बसलो. मधेच धाकट्याचं लक्ष गेलं. पान आपोआप हलत होतं. वरची पट्टी क्षणभर पांढरी व्हायची आणि परत भरायची. त्याने मोबाइलवर वेळ लावली. दर तीस सेकंदांनी पान पुन्हा उघडत होतं. अण्णा बशीत ओतून, फुंकर मारून चहा पितात, त्यांना दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात बटणाला बोट न लावता आम्ही वीस पेज व्ह्यू झालो.

अण्णांना एका क्षणात कळलं. "म्हणजे एकच टॉवेल वीसदा मोजायचा."

त्यांचं फेसबुक पान पाहिलं. दोन लाखांवर फॉलोअर आणि पोस्टला तीन लाइक. त्यातला एक लाइक आम्हाला ईमेल पाठवणाऱ्या बाईंचाच. मी त्यांना लिहिलं, स्क्रीनशॉट नको, गूगल अ‍ॅनालिटिक्सचा नुसता बघण्यापुरता प्रवेश द्या, देशवार आकडे बघू. खऱ्या जाहिरातदाराला चांगली प्रकाशनं असे आकडे दाखवतात, त्यात गैर काही नाही. उत्तर आलं की ते धोरणात बसत नाही, पण आज पैसे भरल्यास ४० टक्के सूट.

एक फोन मात्र फार कामाचा ठरला. गेल्या वर्षीच्या लेखमालेतल्या पानिपतच्या एका ब्लँकेटवाल्याला आम्ही थेट विचारलं. तो दिलखुलास निघाला. म्हणाला, माल घेणारा एकही आला नाही, पण पुरस्कार विकणारे तिघे आले.

आणि समजा, ४५ लाख खरेच असते तरी? अण्णांना ओसाकातला नाहीतर मस्कतमधला एक खरेदीदार हवा होता, जो ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम भरणारा, टॉवेल हातात घेऊन त्यावरचे धाग्यांचे लूप ओढून बघतो. असा माणूस सकाळी काय वाचतो, हा खरा प्रश्न. तो आम्ही अण्णांच्या एका जुन्या जपानी गिऱ्हाइकाला विचारला. त्याने त्यांच्याकडच्या कापडव्यापाराच्या एका नियतकालिकाचं नाव सांगितलं. त्याचा खप काही हजार. पण ते हजार सगळे टॉवेल विकत घेणारेच.

आजोबा

इथे प्रकरण संपायला हवं होतं. संपलं नाही, कारण बाईंनी 'नमुना म्हणून' लेखाचा मसुदा पाठवला.

अण्णांचा कारखाना १९८८ चा. चार जुने माग, सहकारी बँकेचं कर्ज. आजोबा जुन्या गिरणीत बदली कामगार, आजी घरी विड्या वळायची. मसुद्यात असं होतं: १९२१ साली अण्णांच्या आजोबांनी एका हातमागावर स्वप्न विणायला सुरुवात केली आणि शतकानंतर तो वारसा पाच खंडांत पोचला. मी म्हणालो, "अण्णा, हे सपशेल खोटं आहे." अण्णा खिडकीतून मागांकडे बघत होते. काच बंद असली तरी खडखडाट आत येतच होता. मग हळूच म्हणाले, "खोटं हाय रे. पण वाचायला बरं वाटतंय की."

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

१,८०,००० गेले नाहीत. पण धाकट्याने स्वतःच्या पैशांतून १५,००० ची छोटी योजना घेतली, माझा सल्ला डावलून. मी एवढंच म्हणालो, की लेखात दिलेली लिंक वेगळी ठेव, तुमच्या साइटवर त्या एकाच कामाचं पान कर, म्हणजे तिकडून कोण येतं ते मोजता येईल. आजोबांचा परिच्छेद काढायला त्याने दोनदा लिहून कळवलं.

लेख दिवाळीनंतर लागला. आजोबा १९२१ सकट तसेच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास आम्ही मोजणी उघडली. एकूण ४१ जणांनी लिंक दाबली होती. २६ सोलापुरातून, ९ पुण्यातून, जिथे अण्णांच्या मुलीचं सासर आहे. उरलेले सहा इकडचे तिकडचे. दरम्यान नागोयाहून सॅम्पलची मागणी आली होती. धाकटा आनंदाने उडालाच, पण त्या माणसाला विचारलं तर त्याला पत्ता निर्यात परिषदेच्या सभासद-यादीत मिळालेला.

पुण्याच्या नातीने तो लेख भवानी पेठेतल्या आक्कांना, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीला, वाचून दाखवला. आक्का ८१ वर्षांच्या. त्यांनी त्याच दुपारी फोन लावला. अण्णांनी स्पीकरवर ठेवला.

"काय रे, आपला आजा कधी हातमागावर बसला होता? गिरणीचा भोंगा झाला की डबा घेऊन पळायचा त्यो. कुणी लिहिलंय हे?"

अण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि सूत बघून येतो म्हणून बाहेर गेले.